टाकीवरचं फडकं

श्रावण गेल्याचं पोस्टकार्ड अकोल्याहून त्याच्या लेकीनं धाडलं, तेव्हा मी खुरप्यांना धार लावून घेत होतो. वाचलं, खिशात घातलं आणि उरलेल्या खुरप्यांची धार पुरी करून घेतली. काम अर्धं टाकलेलं त्याला खपत नसे. आता महिना होत आला. रडून झालं. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

अमरावतीच्या आमच्या सरकारी बागेत तो माळी, मी स्टोअरकीपर. शेडच्या कोपऱ्यात गवत कापायचं पेट्रोलचं मशीन पडलं होतं, गोऱ्या साहेबाच्या काळातलं. वर चिमण्यांचं घरटं, आत पिस्टन जाम. लिलावात काढायचं ठरलं, तर हा पठ्ठ्या साहेबांपुढे उभा. दसऱ्यापर्यंत मुदत द्या, चालू करतो म्हणे. साहेब म्हणाले, चालू झालं तर मिस्त्रीच्या जागेसाठी तुझं नाव पाठवतो. बाहेर आल्यावर मी त्याला झापलं, "कावून आफत ओढवून घेतं बाप्पा? भंगार हाय ते."

"भंगार कोनं ठरवलं? उघडून पाह्यलं का कोनी?"

मग दोन महिने रोज सुटी झाल्यावर तो आणि ते मशीन. पिस्टनवर रॉकेल सोडायचं, लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकायचं, पुन्हा रॉकेल. निघाला त्या क्रमानं एकेक भाग जुन्या धोतरावर मांडलेला, आणि ते धोतर कोणी ओलांडलं की हा खवळायचा. पॅकिंग मिळेना, तर वहीच्या पुठ्ठ्यातून कापलं. टाकीचं झाकण तेवढं कुठं सापडलं नाही. अष्टमीला त्यानं दोरी ओढली आणि मशीन खोकत खोकत चालू झालं... मी त्याला मिठीच मारली.

धम्मदीक्षेनंतरचा तो पहिलाच दसरा. श्रावण बायकोपोरांना घेऊन नागपूरला गेला. इकडे खांडेनवमीला मी दरसालप्रमाणे शेडमधल्या कुदळी-फावड्यांची पूजा केली. मशीनला वगळायला मन होईना. झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नेमकं टाकीच्या उघड्या तोंडाशी. प्रेमानंच केलं, पण अक्कल गहाण टाकून.

दसरा झाल्यावर साहेब आले. श्रावणनं दोरी ओढली. काही नाही. ओढून ओढून सदरा भिजला. साहेब घड्याळाकडे पाहू लागले. "एक घंटा द्या साहेब," म्हणाला आणि होकाराची वाट न पाहता पाने-पकडी घेऊन बसला. पेट्रोल जायच्या बारीक भोकात त्यानं घोड्याच्या शेपटीचा केस घातला, टांगेवाल्याकडून मागून ठेवलेला. लाल गाळ बाहेर आला. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. गाळ त्यानं धोतराला पुसला, सगळं जोडलं, दोरी ओढली. मशीन सुरू झालं आणि हिरवळीचा एक लांब पट्टा कापूनच तो थांबला.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

"कचरा होता साहेब. माह्यीच चूक."

मी तोंड उघडलं नाही. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, दुसरं काय. लिलाव रद्द झाला, पण श्रावणच्या सेवापुस्तकात 'निष्काळजी' असा शेरा पडला आणि मिस्त्रीची जागा दुसऱ्याला गेली. संध्याकाळी मी म्हटलं, "मी सांगतो साहेबाले." तर म्हणे, "ऱ्हाऊ दे. तुह्यी नोकरी जाईन. मशीन चालू झालं ना?" पुढं अखेरपर्यंत त्या बागेची सगळी मशीनं त्यानंच चालवली, पण कागदावर माळीच राहिला.

पुढच्या वर्षी नागपूरला निघताना तो शेडमध्ये आला. टाकीच्या तोंडावर फडकं घट्ट बांधलं. "कर आता तुह्यी पूजा." मग दरसाल तेच. बांधताना हसायचा.

परवा खांडेनवमी झाली. फडकं खिळ्याला होतं, कुंकवाच्या डागांनी भरलेलं. मीच बांधलं. त्याच्यासारखी गाठ येईना, दोनदा सोडून पुन्हा बांधली. कुंकू वाहिलं आणि तिथंच बसून आताच्या साहेबांच्या नावे अर्ज लिहिला, की श्रावणच्या पुस्तकातला तो शेरा खोडावा आणि माझ्या पुस्तकात चढवावा. सही करताना अंगठ्याचं कुंकू कागदाला लागलं. ते मी पुसलं नाही.