टीचरनी मागून आणलेला प्लांट

अन्नपूर्णा टीचरनी मन्नाएखेळ्ळीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि त्यांचे यजमान अच्युतराव यांनी बिदरजवळच्या नौबादच्या पलीकडं नव्या लेआउटात घर बांधलं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी कुकरच्या आठ शिट्ट्या झाल्या, तरी तुरीची डाळ टणकच. साबणाला फेस येईना. महिन्याभरात नळाच्या तोंडाशी पांढरा खार धरला.

"पाणी जड आहे," टीचर म्हणाल्या.

लेआउटात साठ घरं आणि एकच बोअर. बोअरचं पाणी टाकीत, टाकीतून नळांना. शाळेनं मोडीत काढलेली काचेची मापनळी टीचरकडं होती. बिदरमधून रसायन आणून त्यांनी पाणी तपासलं. लिटरमागं सहाशे चाळीस मिलिग्रॅम क्षार. सहाशेच्या पुढचं पाणी पिऊ नये, असं त्या जन्मभर पोरांना सांगत आलेल्या.

नदीच्या पाण्याची लाइन मागायला त्या कचेरीत गेल्या. लेआउट अजून सरकारकडं हस्तांतर झालेलं नाही, म्हणून लाइन मिळत नाही, असं कळलं. हस्तांतर करून देणारा मालक प्लॉट विकून कधीच निघून गेलेला. दोन वर्षं टीचर कचेरीच्या बाकावर बसून आल्या. शेवटी त्यांनी दुसरी वाट धरली. घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, अर्जांवर अर्ज केले आणि सरकारी निधीतून शुद्ध पाण्याचा प्लांट मंजूर करून घेतला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मशीन बसवणाऱ्यानं विचारलं, "टीचर, मशीनचं उरलेलं पाणी कुठं सोडू? गटार तर न्हाई हितं."

जवळच एक कोरडा पडलेला जुना बोअर होता. टीचर घाईत होत्या, आनंदातही होत्या. "त्यात सोडा," त्या म्हणाल्या. "जमिनीचं पाणी जमिनीला. वाया कशाला घालवता?"

दुसऱ्या दिवशी नारळ त्यांच्याच हातून फुटला. लोक कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. लेआउट संघाचे अध्यक्ष शिवशंकरअण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "टीचर नसत्या तर आपण खडूच पीत बसलो असतो."

नळाचं पाणी मग कुणी तपासायचं कारणच उरलं नाही. तीन वर्षं गेली. अच्युतरावांच्या पाठीला, मांड्यांना खाज सुटू लागली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि सहज विचारलं, "आंघोळीला पाणी कोणतं?" टीचरनी घरी येऊन मापनळी काढली. एक हजार दोनशे ऐंशी. त्यांना वाटलं आपलीच काहीतरी चूक झाली. पुन्हा तपासलं. तेच.

पाऊस तर तिन्ही वर्षं बरा झालेला. मग क्षार वाढले कसे? दोन दिवस त्या वही घेऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी प्लांटच्या शेडमागं गेल्या. जाडसर पाइप जुन्या बोअरच्या तोंडात घातलेला होता आणि पाणी धो धो आत पडत होतं. प्लांट चालवणारा कल्लप्पा बाहेर आला.

"कल्लप्पा, एक कॅन चांगलं पाणी निघालं की वाईट किती निघतं?"

"दोन कॅन तरी, टीचर. सगळा खार त्यातच की."

"आणि ते तीन वर्षं इथंच सोडायलास?"

"तुम्हीच सांगितलाव न्हाई का?" कल्लप्पा साधेपणानं म्हणाला.

चाळीस पावलांवर चालू बोअरची मोटर घरघरत होती.

त्या रविवारी टीचरनी बैठक बोलावली. उभं राहून सगळं सांगितलं. सोडा म्हणणारी मीच, हेही सांगितलं. मग शिवशंकरअण्णा म्हणाले, "टीचर, प्लांट बंद केला तर प्यायचं काय?"

वाईट पाणी पाइपानं ओढ्यापर्यंत न्यावं म्हटलं, तर मध्ये भगवानरावांचं शेत. टीचर स्वतः गेल्या. म्हाताऱ्या भगवानरावांनी त्यांना बाजेवर बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं, "बाई, तुमचा खार माझ्या रानातून कामून न्यायलाव? पाइप फुटला तर माझी जमीन कायमची जाईल. मी न्हाई देणार." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

पाइप तसाच राहिला. ज्यांना जमलं त्यांनी आपापले बोअर मारले. वर्षभरात तेही खारट झाले. प्लांटच्या पाणी गाळणाऱ्या जाळ्या दर चार महिन्यांनी तुंबू लागल्या, आणि दोनाऐवजी तीन कॅन वाईट पाणी निघू लागलं. टीचर पुन्हा कचेरीत जाऊन आल्या. कारकून नवा होता. त्यानं पहिल्यापासून सगळं विचारून घेतलं आणि तेच उत्तर दिलं.

लेआउटच्या कडेला पत्र्याच्या घरांत राहणारी राजूबाई टीचरकडं भांडी घासायची. प्लांटवर पाणी घ्यायला लागणारं कार्ड त्या घरांना नव्हतं. ती माणसं टाकीखालच्या नळाचंच पाणी प्यायची. एकदा भांडी पालथी घालताना ती म्हणाली, "टीचर, पाणी लई खारट लागायलंय. नातीचं पोट सारखं दुखायलंय. असं कामून व्हायलंय वो?"

"माझ्यामुळं होतंय, राजूबाई."

राजूबाई हसली. "तुमच्यामुळं कसं? तुम्ही तर पाणी आणलाव."

टीचरनी पाइप, जुना बोअर, सगळं समजावून सांगितलं. राजूबाईनं मान हलवत ऐकून घेतलं. पटलं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

तेव्हापासून टीचर आपल्या कार्डावर एक कॅन जास्तीचा आणतात आणि राजूबाईला देतात. एक कॅन म्हणजे बोअरमध्ये आणखी तीन, हा हिशोब अच्युतरावांनी एकदाच बोलून दाखवला.

"माहीत आहे मला," टीचर म्हणाल्या. "पण त्या पोरीला आज काय पाजू?"

अच्युतराव पाठीला मलम लावून घेण्यासाठी त्यांच्याकडं पाठ करून बसले. अलीकडं टीचर पाणी तपासत नाहीत. शेवटचा आकडा एक हजार नऊशेचा होता. तो त्यांनी अजून कुणाला सांगितलेला नाही.