बॅटरीचे एक्केचाळीस फेरे

माझा पहिला लॅपटॉप घरी आला आणि आल्या आल्या त्याच्या खोक्याला हळदकुंकू लागलं. दोन हजार नऊ साल, श्रावण लागून आठवडा होत आला होता. खोकं उघडायला मी कात्री हातात घेतली, तर आईने ती काढूनच घेतली.

"नारळ पडांदे दर्यात, मगे उघड."

"आये, लॅपटॉप म्हणजे काय होडी आसा?"

"नवी वस्तू ती नवी वस्तू. ठेव थंय."

आमच्याकडे हे असंच. नवं जाळं, नवी दोरी, होडीचं नवं वल्हं, जे काही पोटापाण्याचं असेल ते नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय वापरायला काढायचं नाही. आई मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि तिच्यापुढे वाद घालून जिंकलेलं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही. खोकं देवाच्या शेजारी गेलं, जाळं तरंगत ठेवणाऱ्या नव्या कोऱ्या बोयांच्या बाजूला. मी नऊ दिवस जाता-येता त्याच्याकडे बघून चरफडत होते.

चरफडण्याला कारण होतं. आमच्या मच्छीमार सोसायटीला वाडीवाडीत जाऊन खलाशांचे आणि मासे विकणाऱ्या बायकांचे ओळखपत्राचे फॉर्म भरून घ्यायचे होते. गावातल्या कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचे, म्हणून सेक्रेटरींनी मला विचारलं होतं. पण अट एकच. किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या झोपडीत, लाइट नसते, तेव्हा मशीन बॅटरीवर तीन तास चाललं पाहिजे. पौर्णिमेनंतरच्या रविवारी पहिली वाडी. जमलं तर बाकीच्या वाड्या माझ्या. नाही जमलं तर काम बाहेरच्या माणसांना, आणि मी बॅग भरून मुंबईला मावशीकडे, कुठल्या तरी ऑफिसात चिकटायला. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. क्लासच्या पगारातून साठवून लॅपटॉप घेतला तो त्याचसाठी.

पौर्णिमा झाली. नारळ पडला, होड्या दर्यात लोटल्या, आम्ही घरी आलो आणि एकदाचं ते खोकं उघडलं. नशिबाने आदल्याच दिवशी वाडीतला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त झाला होता, त्याआधी चार दिवस आम्ही काळोखात होतो. बॅटरी पूर्ण भरली, वायर काढली आणि घड्याळ लावून बसले. कणकवलीचा दुकानदार छातीवर हात ठेवून तीन तास म्हणाला होता. दीड तासात पडदा काळा!

पुन्हा चार्जिंगला लावून मी बॅटरीची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडला. तिथे एक ओळ होती, सायकल काउंट. बॅटरी एकदा पुरी भरून पुरी वापरली की तिचा एक फेरा झाला. कोऱ्या मशीनमध्ये तिथे शून्य असायला हवं, फार तर एक. माझ्या मशीनवर एक्केचाळीस.

आईला समजावलं, तशी ती म्हणाली, "म्हणजे कोणीतरी आधीच एक्केचाळीस येळा वापरल्यान? आणि नवो म्हणान तुका इकल्यान?"

"होय. आणि बिलार काय लिवलेला आसा बग. सात दिवसांत बदलून मिळेल. आज नववो दिवस! तुझ्या नारळान माझे सात दिवस खाल्ले!"

नको ते बोलून गेले. माझं तोंड हे असंच, आधी सुटतं आणि मग लाज वाटते. आई उठून आत गेली आणि नवीन लुगडं बाहेर काढून ठेवलं. "सकाळची पयली एस्टी," एवढंच म्हणाली.

दुसरा दिवस म्हणजे होड्यांची नवीन हंगामातली पहिली मासळी. वर्षभर आई त्या दिवसाची वाट बघायची. त्या दिवशी ती टोपली घरात उपडी ठेवून माझ्याबरोबर कणकवलीला आली. एस्टीत मी खिडकीला आणि ती माझ्या शेजारी, लॅपटॉपचं खोकं मांडीवर घेऊन. माझा जीव चुटपुटत होता, पण माफी मागायला जीभ वळेना.

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. दुकानदाराने बिल बघितलं, मग आकडा बघितला आणि गोड हसला. शुद्ध भाषेत म्हणाला, "ताई, आज दहावा दिवस. एवढ्यात तुम्हीच वापरलात की हो. गाणीबिणी, सिनेमे... होतात एक्केचाळीस."

माझं डोकं सणकलं. "थांबा. खोकं आम्ही कालच उघडलं, पण ते तुम्ही मानणार नाही. नवी बॅटरी किती तास चालते म्हणालात?"

"तीन."

"आणि भरायला?"

"अडीच तास लागतात."

"म्हणजे एका फेऱ्याला साडेपाच तास. एक्केचाळीस फेऱ्यांना सव्वादोनशे तासांच्या वर. दहा दिवसांचे तास होतात दोनशे चाळीस. त्यातले चार दिवस आमच्या वाडीत लाइटच नव्हती, वायरमनला फोन लावून विचारा. उरले एकशे चव्वेचाळीस. मी न जेवता, न झोपता, आंघोळसुद्धा न करता हे मशीन चालवलं असतं तरी एक्केचाळीस होत नाहीत. बोला!"

बाकावर बसलेले एक गृहस्थ बोटांवर हिशेब करायला लागले आणि "बरोबर आसा तिचा," म्हणाले. दुकानदाराचं हसू जरा आखडलं. पण तोही मुरलेला.

"मग सॉफ्टवेअर चुकीचं दाखवत असेल. या मॉडेलला असं होतं कधीकधी. आकड्यावर जाऊ नका."

आता याला काय उत्तर द्यायचं? आकडाच खोटा म्हटल्यावर माझा सगळा हिशेब पाण्यात. डोळ्यांत पाणी यायला लागलं, त्याचाही राग आला.

तेव्हा आई उठली. इतका वेळ ती काउंटरच्या कोपऱ्यात बसून होती, कपाटातल्या खोक्यांकडे बघत. तिने बोट दाखवलं.

"रे झिला, ता खोका ह्याच मशीनचा मां? चित्र सारख्याच आसा."

"हो काकी, तेच मॉडेल."

"उघड."

"काय?"

"उघड म्हणतंय. माझ्या टोपलीतली सुरमय शिळी म्हणान कोणी बोललो, तर मी काय करतंय? बाजूची उचलतंय आणि दोघींचे कल्ले सगळ्यांसमोर उघडून दाखवतंय. ज्येचा लाल ता ताजा. माका तुझा सॉफ्टवेर कळणा नाय. तू दुसरो कल्लो उघड. थंय पण एक्केचाळीस दिसलो तर आमी गुमान घराक जातो."

"काकी, सील फोडलं की ते विकता येत नाही..."

"इकूक कित्याक होया? खरो ठरलंस तर मीच घेतंय. दोनूय घेतंय!"

दोन्ही म्हणजे किती पैसे, याचा तिला पत्ता नव्हता. मला होता, म्हणून मी मागून तिचा पदर ओढला. पण आता सगळी गिऱ्हाइकं उभी राहिली होती. बाकावरचे गृहस्थ म्हणाले, "उघडा हो, आम्हालाही बघू द्या. मीपण लॅपटॉपच घ्यायला आलोय."

दुकानदाराने टेप फाडली, मशीन काढलं, चालू केलं. तो प्रोग्राम मीच उघडला.

सायकल काउंट, शून्य.

आईला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण बाजारात आयुष्य गेलेल्या बाईला शून्य ओळखायला शिकवावं लागत नाही. तिने दोन्ही मशीन शेजारी शेजारी ओढली आणि पदर खोचला.

"आता सांग. खयचा शिळा?"

दुकानदाराची शुद्ध भाषा कुठल्या कुठे पळाली. "काकी, माका माफ करा. ता डिस्प्लेचा पीस होता. तीन म्हयने काउंटरार चालू होता. नवीन टेप लावन इकलंय."

"माका नको सांगू. तिका सांग."

तो माझ्याकडे वळून तेच पुन्हा म्हणाला. खरं सांगते, इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. उघडलेलं कोरं मशीन त्याने खोक्यात घातलं, नवीन बिल केलं आणि वर एक बॅगही दिली. आईने ती बॅग आतून बाहेरून तपासून घेतली.

एस्टीत बसल्यावर मी म्हटलं, "आये, काल मी नारळावरसून बोललंय ता..."

"गप ऱ्हव गो. नारळ पडलो म्हणान तर जिकलंव." आणि ती खोक्यावर हात ठेवून झोपली.

रविवारी वाडीतल्या मांगरात सुक्या मासळीच्या वासात मी लॅपटॉप उघडून बसले. रांग माडापर्यंत गेली होती. सेक्रेटरी हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. एक तास झाला, दोन झाले, अडीच झाले. म्हाताऱ्या खलाशांना जन्मसाल आठवेना, बायका नवऱ्याचं नाव घेताना लाजत होत्या, आणि मी एक डोळा फॉर्मवर, एक डोळा बॅटरीवर ठेवून टाइप करत होते. तीन तास होऊन गेले तेव्हा रांगेत शेवटची आई उरली होती. बॅटरी नऊ टक्के.

"धंदो?" मी विचारलं.

"तुका म्हायत नाय?"

"तोंडान सांगूचा लागता."

"मासे इकतंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ताजे."

मी ते जसंच्या तसं टाइप केलं, 'ताजे' या शब्दासकट. सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि खोडायला सांगितलं नाही. "बाकीच्या वाड्या तुझ्याच गो," ते म्हणाले, आणि मला वाटलं, आता इथेच जोरात ओरडावं.

घरी येऊन मुंबईसाठी भरून ठेवलेली बॅग रिकामी केली, कपडे पुन्हा खुंटीला लावले. लॅपटॉप चार्जिंगला लावला. आई चुलीपुढे बांगडे भाजत होती, तिथूनच तिने विचारलं, "किती झाले गो फेरे?"

बॅटरी भरेपर्यंत मी थांबले आणि मग बघितलं.

"एक."

"कोणाचो?"

"आपलो, आये," मी म्हटलं. "आपलोच."