बेडकांची तळटीप

मुलांनो, तुमच्या तिकडच्या शाळेत लॅटिन शिकवतात म्हणे. मी ते कॉलेजात एका पाद्रीबाबांकडून शिकले आणि लग्न होऊन दौंडच्या रेल्वे कॉलनीत आल्यावर जादा भांड्यांसोबत माळ्यावर टाकलं. बहात्तरच्या दुष्काळात ते खाली काढलं.

तेव्हा मी एस.टी.नं जवळच्या एका गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला जात असे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी एका प्राचीन दीर्घकाव्यातली गोष्ट मराठीत आणली. त्या काव्यात माणसांची झाडं होतात, दगड होतात, पक्षी होतात. माझ्या गोष्टीत दोन तान्ही लेकरं घेतलेली एक बाई तहानेनं व्याकूळ होऊन तळ्यावर येते. तिथले शेतकरी तिला पाणी पिऊ देत नाहीत, वर तळ्यात उड्या मारून गाळ ढवळतात. बाई असते देवी. ती त्यांचे बेडूक करते.

हीच गोष्ट का, ते गावात कुणालाही कळलं असतं. विहिरी आटल्या होत्या. उरलेल्या एकीवर बौद्धवाड्यातल्या बायका हंडे घेऊन बाजूला ताटकळत. कुणी वरून ओतलं तर पाणी. त्या वाड्यातल्या माझ्या विद्यार्थिनी पहिल्या तासाला कधी पोचत नसत, आणि हजेरीत लाल शेरा मी मारायचा. म्हणून गोष्ट छापली जावी आणि तीत शेतकरी शेतकरीच राहावेत, एवढा माझा हट्ट होता.

अंकातलं सगळं आधी शाळा कमिटीला वाचून दाखवायची पद्धत होती. चेअरमन आप्पांना वाचायचा कंटाळा. ऐकायलाही चहा लागे.

गाळ ढवळेपर्यंत आप्पा खुशीत होते. "आमच्यातबी असली बेणी हाईत!" म्हणून मांडीवर थाप मारली. बेडूक झाले तशी बशी खाली ठेवली.

"हे कुठलं शेतकरी, बाई?"

"परदेशातले, आप्पा. दोन हजार वर्षांपूर्वीचे."

"पन शेतकरीच? व्यापारी करा की."

हेडमास्तर लगेच म्हणाले, "मुळात व्यापारीच असतील. बाई, डिक्शनरी पुन्हा बघा." हेडमास्तरांना लॅटिनचं अक्षर येत नव्हतं, आप्पांचा चेहरा मात्र ते अस्खलित वाचत.

"व्यापारी तळ्यावर काय करतील?" मी विचारलं.

"पानी इकत्याल," आप्पांशेजारचे वयस्क सभासद म्हणाले. "आन् चूक त्या बाईचीच हाय. मी देवी हाय म्हनून आधी सांगायचं! कोन न्हाई म्हनलं असतं?"

"आणि साधी बाई असती तर?"

"साधी म्हंजी? कुनातली?"

अंकाचे संपादक, मराठीचे सर, बौद्धवाड्यातलेच. ते शांतपणे म्हणाले, "कवीनं ते लिहिलेलं नाही, मामा. तिला तहान लागली होती, एवढंच लिहिलंय."

मी सांगितलं, व्यापारी करायचे असतील तर गोष्टच काढून टाका. आप्पांची पंचाईत झाली. 'आमच्या अंकात लॅटिन हाय' असं ते शिरूरकडच्या एका चेअरमनला आधीच ऐकवून बसले होते. शेवटी त्यांनी तळटीप सांगितली: 'या गोष्टीतील शेतकऱ्यांचा आपल्या गावाशी, शाळा कमिटीशी व विहिरीशी काहीही संबंध नाही.'

गोष्टीत विहीर कुठेच नव्हती. सरांनी चेहऱ्यावरची रेषही न हलवता ती शब्दशः उतरवून घेतली.

अंक निघाला. लोकांनी आधी तळटीप वाचली, मग ती कशाला घातली ते कळावं म्हणून गोष्ट. बौद्धवाड्यात सरांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मग विहिरीवर पाणी ओतणारा रेंगाळला की हंड्यांमागून आवाज येई, "डराव!" कुणी काढला, ते कळत नसे. सगळ्या बायका आकाशाकडे बघत. पाणी ओतणाऱ्यांना पापाची भीती नव्हती, पण हशाची फार होती. हात भराभर चालू लागले. हक्कानं स्वतः पाणी शेंदायला त्या बायकांना पुढे बरीच वर्षं भांडावं लागलं. माझ्या मुली मात्र त्या उन्हाळ्यात पहिल्या तासाला येऊ लागल्या, आणि माझी लाल पेन्सिल टोक न करता तशीच राहिली.

शाळा सुटताना एकदा आप्पांनी मला फाटकाशी गाठलं.

"बाई, फुडच्या साली मानसाचं झाड व्हतंय, तसली गोष्ट घ्या."

"का हो आप्पा?"

"झाड वरडत न्हाई."