कुजबुजची खिडकी

आमच्या नाटक कंपनीत एक प्रॉम्प्टर होता. विंगेत स्टुलावर बसून आम्हा नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे त्याचं काम. तेही असं, की आमच्या कानावर पडावं आणि पहिल्या रांगेला पत्ता लागू नये. सगळे त्याला कुजबुज म्हणायचे. मी राजा झालो, दरोडेखोर झालो, भरपूर टाळ्या घेतल्या. त्यातल्या निम्म्या त्याच्या होत्या. पण खेळ संपल्यावर त्याला ओढून पुढे आणायला जावं, तर हा गडी गायब. आपण कुणाला दिसायचं नाही, हे त्याने आयुष्यभर पाळलं.

म्हातारपणी तो लेक-जावयाकडे तळमजल्यावर राहायला गेला. लेक इस्पितळात नर्स. दौऱ्यांवर उपाशीतापाशी राबून त्याने तिला शिकवलेलं. तिची पाळी अंधार पडल्यावर सुटे. बसथांब्यावरून घरी यायला वीस-पंचवीस पावलांचा एक बोळ. दोन्हीकडे इमारतींच्या पाठी, बोळाकडे एकही खिडकी नाही. एका संध्याकाळी तिथे कुणीतरी तिची पर्स हिसकावली. ती पडली, मनगट मोडलं. पुढे प्लास्टर निघालं, भीती निघेना.

"सोड ती नोकरी," जावई म्हणाला. "आपलं भागेल कसंतरी."

ती हो म्हणाली, रजा संपली की राजीनामा देणार होती. कुजबुज त्या दिवशी ताटावरून तसाच उठला.

सोसायटीने बोळाची कुंपणभिंत आणखी उंच केली, वर एक झगझगीत दिवा लावला. मला आपलं वाटलं, झालं काम. लेक मात्र दिव्याखाली थबकली आणि मागे फिरली. "काका, पलीकडे कोण उभं आहे तेच कळत नाही हो."

कुजबुजने मला विचारलं, "स्टेजवर तुला प्रेक्षक दिसायचे का रे?"

"कुठले? तोंडावर प्रकाश, समोर नुसता काळोख."

"आणि तू त्यांना स्वच्छ दिसायचास." त्याने बोळाकडे बोट केलं. "आपण पोरीला स्टेजवर उभं केलंय, आणि चोराला प्रेक्षकांत बसवलंय."

जन्मभर त्या प्रकाशात उभा राहिलो, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तो सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेला, मीही शेपटासारखा मागे. म्हणाला, मोठ्याऐवजी लहान लहान दिवे लावा, समोरच्याचा चेहरा दिसेल असे. भिंत कमरेएवढी करा. आणि माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला एक खिडकी पाडू द्या.

"खिडकी काय चोर पकडणार आहे, आजोबा?"

"पकडणार नाही. पण आत कुणीतरी बसलंय, एवढं त्याला दिसेल."

सेक्रेटरी हसले, पण माणूस भला. इंजिनिअर आणून भिंत दाखवली. भिंतीवर इमारतीचा भार नव्हता, खिडकी पाडता येणार होती. जावई कुरकुरला, "बाबा, डास येतील." "येऊ देत," सासरेबुवा म्हणाले, "मला तेवढीच सोबत." बोळाच्या तोंडाशी एका शिंपिणीचं दुकान होतं, बोळाकडे पाठ करून बसलेलं. तिने हे पाहिलं आणि वर्षानुवर्षं गंजलेलं मागचं शटर तेल घालून उघडलं. मशीन तिकडे वळवलं.

सगळं झाल्यावर एका संध्याकाळी, बाजारात गेलेल्या लेकीला आणायला मी बसथांब्यावर गेलो. बोळाच्या तोंडाशी तिने माझा हात सोडला. "काका, तुम्ही इथेच थांबा. जमतंय का बघते."

मी थांबलो. शिवणयंत्राची टकटक चालू होती. मऊ उजेडात बोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसत होता. आणि मधोमध, उजळलेल्या चौकटीत, केस विंचरून, इस्त्रीचा सदरा घालून आमचा कुजबुज बसला होता. हातात जुन्या नाटकाची संहिता. राजाही तोच, राणीही तोच, आणि आवाज असा खणखणीत की माझ्या अंगावर काटा आला. मोठमोठे महाल उभारलेले पाहिले मी रंगमंचावर, पण त्या एवढ्याशा खिडकीइतकं भव्य काही पाहिलं नाही. लोक चालता चालता वळून बघत होते. तोही प्रत्येकाकडे बघत होता.

लेक खिडकीपाशी पोचली.

"बाबा, आवाज जरा खाली घ्या. पार थांब्यावर ऐकू येतंय."

"तिथे ऐकू यावं म्हणूनच वाचतोय."

ती तिथेच कमरेएवढ्या भिंतीला टेकली. "बरं, उद्या जेवायला लवकर बसू. मला इस्पितळात पाळीवर जायचंय."

त्याने पान उलटलं. पुढचं वाक्य काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना. मला ते पाठ होतं. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून ते त्याला हळूच पुरवलं.