जायफळाच्या बदल्यात वावडिंग

१९३१ साल, चैत्र महिना, आईच्या तेराव्यानंतरचा तिसरा दिवस. रक्कम अर्धा आणा. घरात हजर मोठी माणसं तीन : मी, माझी बायको सरू आणि माझी थोरली बहीण अक्का. हे आधी टिपून ठेवतो, कारण पुढचं दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो. सोलापुरात सुताच्या गोदामावर वजनं लिहिण्यात माझी अठरा वर्षं गेली. काट्यावर चढत नाही ते मी मानत नाही… मानत नव्हतो.

माझी चार आणि अक्काची तीन, अशी सात नातवंडं आईनं गुटीवर वाढवली. रोज सकाळी सहाण धुवायची आणि बाळाच्या आईच्या दुधात एकेक मुळी उगाळायची. कशाचे किती वेढे, कुठल्या ऋतूत काय वगळायचं, हे फक्त तिलाच ठाऊक. सरूनं विचारलं की म्हणायची, "मी हाय की अजून. तू पोराला पाज."

माझा पाचवा दीड महिन्याचा असताना आई चार दिवसांच्या तापात गेली. वेढे कुणीच लिहून घेतले नव्हते – मी, रजिस्टरवाला, घरात असून!

अक्कानं ठरवलं, "समद्याचं पाच-पाच वेढं दे सरू. कमी न्हाय, जास्त न्हाय."

त्या दिवशी सकाळी गुटी दिली आणि पोर झोपलं ते उठेना. छातीशी लावलं तरी ओढेना, तळवे चोळले तरी रडेना. डॉक्टर पाहून गेले. "वाट बघा" म्हणाले. डब्यातलं वावडिंग संपलं होतं; त्यावाचून गुटी बाधली असं वाटून अक्कानं मला दुपारी मंगळवार पेठेत मल्लप्पांकडे पिटाळलं. आई काष्ठौषधी त्यांच्याकडूनच घ्यायची.

"वावडिंग? आत्ताच नेलं की तुमच्या आईनं! पैसं लेक देईल म्हणाली."

"कुणी नेलं?"

"आई तुमची! आन् हे ठेवून गेली." त्यांनी जायफळ पुढं केलं. एका बाजूनं झिजून सपाट, कडेला किडीचं भोक. सकाळी सरूच्या हातात मी तेच पाहिलं होतं. "म्हणाली, उन्हाळ्यात हे पोराला नको, झोपवतंय. आठ दिवस काय बी उगाळू नका, नुसतं दूध द्या. वर मला म्हणती, मल्ल्या, लई वाळलास की रं!"

त्यांना 'मल्ल्या' म्हणणारी ती एकटीच होती. ती गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी तसाच घरी पळालो.

डबा उघडला. जायफळाच्या कप्प्यात वावडिंगाची पुडी!

"अहो, सकाळी मीच जायफळ ठेवलं हितं," सरू म्हणाली. अक्का दुपारभर उंबऱ्यात बसून होती. आत कुणी आलं नव्हतं.

गुटी बंद केली. सरूनं दूध काढून थेंब-थेंब ओठांना लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला पोरानं असा टाहो फोडला की शेजारचे धावत आले. अक्का रडता रडता हसली, "आईवानीच खेकसतंय की मेलं!" मी भिंतीला टेकून बसलो.

नंतर चाळीतल्या अकराही बिऱ्हाडांत विचारलं. पेठेत कुणीच गेलं नव्हतं. पोरगं आता सात वर्षांचं आहे.

पोर रडलं त्याच दिवशी मी मल्लप्पांना आई गेल्याचं सांगितलं होतं. ते पैसे घेईनात. "लेकानं द्यायचे, हे तिचंच बोलणं," मी म्हणालो. मग अर्धा आणा रोख त्यांच्या हातावर ठेवला आणि पावती आईच्या नावानं करून घेतली.