गर एका ताटात, साल दुसऱ्या ताटात

स्टाफरूममध्ये कुणी केळं सोललं की वाघमारे मॅडमचं लक्ष केळ्याकडे नसायचं, सालीकडे असायचं. चतुर्थीला तर निम्मी स्टाफरूम उपवासाला बसायची आणि मॅडम डबा घेऊन टेबलाटेबलावरून फिरायच्या. "टाकू नका, हिकडं द्या."

बीडच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. माझा वर्ग त्यांच्या प्रयोगशाळेला खेटून असल्यामुळे आमच्या कवितांना कायम आम्लाचा वास. निवृत्ती जवळ आली तरी पीएच.डी. पुरी करायची त्यांनी मनावर घेतली होती. विषय, केळ्याच्या गरात आणि सालीत अँटिऑक्सिडंट किती. मला त्यांनी तो एका दमात समजावला, "लोखंडाला गंज चढतो का न्हाई? तसं आपल्या शरीरातबी काहीतरी झिजत असतंय. ते रोखणारं हे."

आमचे उपप्राचार्य एकदा भर स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, एवढं शिकून शेवटी टाकलेलंच गोळा करायचं का?" मॅडमचं घर चकलांब्याचं, बौद्ध वस्तीतलं. बोलण्याचा रोख कुणालाही कळण्यासारखा होता. माझं तर डोकंच फिरलं. मॅडम डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "तुमचीबी ठेवा सर. वाया कावून घालवायची?"

अर्थात त्या साली नुसत्या सरावाच्या. खऱ्या प्रयोगासाठी गर आणि साल एकाच केळ्याची लागायची. चकलांब्याहून भाऊ कडब्यात पिकवलेली केळी एसटीने पाठवायचा. मॅडम गर एका ताटात, साल दुसऱ्या ताटात पसरून कॉलेजच्या गच्चीवर वाळत घालायच्या. त्याची पूड करून अर्क काढायचा आणि जांभळ्या द्रवात घालायचा. अर्कात जोर असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होणार.

उन्हाळाभर राबून त्यांनी अर्क घातला आणि रंग ढिम्म हलला नाही. गराचा नाही, सालीचाही नाही. नोंदणीची मुदत दिवाळीला संपत होती. ती चुकली तर पदवी कायमची हुकणार. मार्गदर्शकांनी फोनवर तोडगा सुचवला, छापून आलेल्या संशोधनातले आकडे थोडे इकडेतिकडे करून लावा. मी शेजारीच उभा होतो. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "न्हाई सर. दुसऱ्याच्या केळ्याचे आकडे माझ्या सालीला कसे लावू?" फोन ठेवून त्या नळ्या धुवायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी डब्यातली वरणाला घातलेली कढीपत्त्याची पानं बोटाने बाजूला काढता काढता त्या थबकल्या. "आमी वर्षाचा कढीपत्ता वाळवतो ना सर, तो सावलीत. उन्हात घातला की वासबी जातो, रंगबी जातो. पापड-कुरडया घालतो तसली गच्ची दिसली आन् मी केळीबी तितंच नेली. बीडचं ऊन हाय हे. त्यानं सगळा जोरच मारला."

झालं. भावाला फोन गेला, नवी केळी आली. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना जुन्या साड्या लागल्या, पंखा सुरू झाला. ताटातले पातळ काप पालटायला मॅडम रविवारीही यायच्या. कुणी म्हणालं, आता या वयात पदवी घेऊन काय करणार? त्यांचं उत्तर ठरलेलं, "आधी घेते, मग सांगते."

मला मुद्दाम बोलावून त्यांनी अर्क घातला. गराच्या नळीतला जांभळा फिका झाला. सालीच्या नळीतला तर बघता बघता पिवळा पडला. मी अभिनंदन करायला हात पुढे केला. मॅडम नव्या नळ्या काढत म्हणाल्या, "थांबा. एकदा आलं म्हंजे खरं न्हाई." पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणखी एकदा केलं. मग मात्र त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने डोळे पुसले. माझेही भरून आले होते.

प्रबंध मुदतीत गेला. निवृत्तीच्या समारंभात त्यांच्या नावामागे डॉक्टर लागलं होतं. उपप्राचार्यांनी भाषणात तोंडभरून कौतुक केलं, मॅडमनी टाकाऊ वस्तूचं सोनं केलं म्हणाले. टाळ्या पडल्या.

मॅडम उत्तराला उभ्या राहिल्या. सगळ्यांचे आभार मानले, भावाचं नाव घेतलं. मग उपप्राचार्यांकडे वळून नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सर, एक तेवढी दुरुस्ती करते. मी सोनंबिनं काही केलं न्हाई. ते सालीत आधीपासूनच होतं. टाकणाऱ्यांनी कधी तपासलं न्हवतं, इतकंच."

या खेपेला टाळ्या मी सुरू केल्या.