भिंतीपलीकडचं 'काहून'

आमच्या कॉलेजातल्या समाजशास्त्राच्या बाईंइतकं भांडणावर प्रेम करणारं माणूस मी अख्ख्या कर्वेनगरात पाहिलेलं नाही. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवतो, म्हणजे बरीच वर्षं भिंतीपलीकडून त्यांचा तास ऐकत आलो. वर्गात वाद नसला की बाईंना चुकल्याचुकल्यासारखं वाटे. एकदा सगळी मुलं एका मताची निघाली, तेव्हा "मग मी कशाला आले? घरी भाजी निवडायची राहिलीय," म्हणत त्या खरोखर पर्स उचलून स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. नियम मात्र एकच, आणि त्यातून प्राचार्यांनाही सुटका नव्हती: विरोध करायचा तर आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं, आणि त्याने "हो, हेच" म्हटल्यावरच स्वतःचं शहाणपण उघडायचं. त्यामुळे मीटिंगा इतक्या लांबत, की मीटिंग आहे हा निरोप बाईंना उशिराच द्यावा याबद्दल आमचं एकमत होतं.

गेल्या वर्षी वर्ध्याकडची एक मुलगी त्यांच्या वर्गात होती. ती 'का'ला 'काहून' म्हणे आणि मुलं हसत. पोरीने बोलणंच सोडलं. शिक्षण टाकून गावी परत जायचं तिच्या मनाने घेतलं होतं. त्या दिवशी वाद होता, बाहेरून आलेल्यांमुळे पुणं बिघडलं का. बिबवेवाडीचा एक मुलगा तावातावाने "बिघडलंच" म्हणाला, तशी ती न राहवून उठली. "गावात काम भेटलं असतं तर आम्ही इथं काहून आलो असतो?"

मुलाने नियमाप्रमाणे तिचं वाक्य परत म्हटलं, पण तिच्याच हेलात, 'काहून' चांगलं लांबवून. वर्ग खिदळला.

"नक्कल छान," बाई म्हणाल्या. "म्हणणं राहिलं. ते सांगा."

त्याने सांगितलं. मुलगी म्हणाली, "नाही." पुन्हा सांगितलं. "नाही." शेवटी रडकुंडीला येऊन त्याने विचारलं, "अगं, मग काहून आलीस?" या खेपेला तो नक्कल करत नव्हता, शब्द आपसूक तोंडात आला होता. मग ती घरचं सांगत गेली आणि वर्ग ऐकत राहिला.

"म्हणजे तुलाही इथं यायचं नव्हतं," तो म्हणाला.

"हो, हेच."

त्यानंतर त्याने विरोध केलाच, बसच्या गर्दीवरून. दोघं जिना उतरेपर्यंत भांडत होती. मुलगी गावी गेली नाही. बाई स्टाफरूममध्ये आल्या आणि चहा गार झाल्याबद्दल शिपायाला बोलल्या.

यंदा बाई निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. मग तोच बिबवेवाडीचा मुलगा उठला. "बाई, तुम्ही काहून चालल्या?"

कुणी हसलं नाही. नियमाप्रमाणे बाईंनी आधी त्याचं म्हणणं परत सांगायला हवं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि खाली बसल्या.

भिंतीपलीकडे आता अगदी शांतता असते. मला ती सोसवत नाही.